बाहुली, कॅमेरा आणि वर्ग : विद्यार्थ्यांनी केलेले चित्रपट आणि वर्णद्वेषविरोधी शिक्षण

२००५ साली न्यूयॉर्कमधल्या एका शाळकरी मुलीने सात-आठ मिनिटांचा माहितीपट केला. तिचे नाव किरी डेव्हिस, माहितीपटाचे नाव 'अ गर्ल लाइक मी'. सुरुवातीला काही कृष्णवर्णीय किशोरवयीन मुली कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. केस सरळ का करावे लागतात, घरात कोणाला 'जास्त काळी' म्हणतात, गोरे होण्याच्या क्रीमचा विषय घरात कसा निघतो, आपले पूर्वज आफ्रिकेतल्या नेमक्या कुठल्या देशातून आले हे ठाऊक नसण्याचे दुःख काय असते. नंतर चित्रण हार्लेममधल्या एका पाळणाघरात जाते. चार-पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर दोन बाहुल्या ठेवलेल्या असतात, एक गोरी आणि एक काळी. चांगली कोणती, वाईट कोणती, असे प्रश्न विचारले जातात. २१ पैकी १५ मुलांनी गोरी बाहुली पसंत केली.

माहितीपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा आकडा लक्षात राहत नाही. लक्षात राहते एक लहान मुलगी. तिने काळी बाहुली नुकतीच 'वाईट' ठरवलेली असते. लगेच पुढचा प्रश्न येतो की यातली तुझ्यासारखी दिसणारी कोणती. तिचा हात आधी गोऱ्या बाहुलीकडे जातो, थबकतो, आणि मग ती काळी बाहुली पुढे सरकवते. तो क्षण जेमतेम काही सेकंदांचा आहे. मी सामाजिक कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हा माहितीपट अनेकदा दाखवला आहे आणि त्या ठिकाणी खोली शांत होते.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या 'मीडिया दॅट मॅटर्स' महोत्सवात या माहितीपटाला पुरस्कार मिळाला. इंटरनेटवरून तो जगभर गेला. एका विद्यार्थिनीच्या कामाची एवढी दखल का घेतली गेली हे समजण्यासाठी त्या बाहुल्यांचा इतिहास माहीत असायला हवा.

क्लार्क दांपत्याची चाचणी

बाहुल्यांची मूळ चाचणी डॉ. केनेथ क्लार्क आणि डॉ. मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नीची. कल्पनेची मुळे मेमी यांच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या एम.ए.च्या प्रबंधात होती, हे बहुतेक लेखांत सांगायचे राहून जाते आणि श्रेय नवऱ्याच्या नावावर जमा होते. दोघांनीही पीएच.डी. कोलंबिया विद्यापीठातून केली, केनेथ यांनी १९४० मध्ये आणि मेमी यांनी १९४३ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले तेच हे विद्यापीठ. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेले हार्लेम त्याला अगदी लागून आहे.

चार बाहुल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, फरक फक्त त्वचेच्या आणि केसांच्या रंगाचा. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना प्रश्न विचारले गेले. त्यातली १३४ मुले अर्कान्सासमधल्या, म्हणजे कायद्यानेच काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळांतली होती. ११९ मुले मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतली होती. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. तुझ्यासारखी कोणती, हा प्रश्न शेवटी ठेवलेला होता. त्यावर काही मुले रडू लागली, काही खोलीतून निघून गेली. दक्षिणेतल्या एका मुलाने मात्र काळ्या बाहुलीकडे बोट दाखवून, हसत हसत, गोरे लोक वापरत तो अपमानाचा शब्द स्वतःला लावून घेतला. डॉ. केनेथ क्लार्क यांना ते हसणे रडण्याइतकेच अस्वस्थ करणारे वाटले होते.

त्या वेळी अमेरिकेत १८९६ च्या प्लेसी खटल्यातला 'वेगळे पण समान' हा सिद्धांत लागू होता. इमारत, बाके, पुस्तके सारखी असतील तर वेगळ्या शाळा ठेवण्यात अन्याय नाही, असे न्यायालय धरून चालत होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या वकिलांनी (थर्गुड मार्शल त्यांचे प्रमुख) नेमके हेच गृहीतक मोडायला बाहुल्यांची चाचणी वापरली. वेगळे बसवणे हीच इजा आहे, आणि ती बाके मोजून दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिक्षण घेतले. त्यामुळे 'वेगळे बसवणे हीच इजा' हे वाक्य आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

निकालानंतर ५० वर्षांनी

मग २००५ मध्ये तीच चाचणी एका विद्यार्थिनीला पुन्हा का करावीशी वाटली? कायद्याने शाळा एकत्र केल्या, पण वस्त्या वेगळ्याच राहिल्या. न्यूयॉर्कसारख्या उत्तरेतल्या शहरात पोराने कुठल्या शाळेत जायचे हे पत्ता ठरवत होता. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी याच शहरात चार लाखांहून अधिक मुलांनी वेगळ्या शाळांच्या निषेधार्थ शाळेवर बहिष्कार टाकला होता. आणि २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नागरी हक्क प्रकल्पाचा अहवाल आला, त्यात देशातली सर्वांत विभक्त शाळाव्यवस्था न्यूयॉर्क राज्याची असल्याचे म्हटले होते. दक्षिणेतले एखादे राज्य नव्हे, न्यूयॉर्क.

डेव्हिसचे काम सुरू झाले साहित्याच्या वर्गातून. कृष्णवर्णीय मुलींच्या अनुभवांवरचे लेखन ती एका शालेय प्रकल्पासाठी गोळा करत होती. त्यातून सौंदर्याच्या मापदंडांचा विषय तिच्या हाती लागला आणि तो कॅमेऱ्यासमोर आला. ती ज्या अर्बन अकॅडमी शाळेत शिकत होती ती प्रकल्प, निबंध आणि तोंडी मांडणी यांवर मूल्यमापन करणाऱ्या सरकारी शाळांच्या गटातली. चित्रपट करण्याचे शिक्षण मात्र तिला शाळेबाहेर, ब्रुकलिनच्या 'रील वर्क्स' या संस्थेत मिळाले. तिथे शाळकरी मुलांना मोफत शिकवतात आणि प्रत्येक मुलामागे एक व्यावसायिक चित्रपटकर्मी मार्गदर्शक म्हणून देतात. थोडक्यात, प्रश्नाला वर्गात जागा मिळाली आणि हत्यार बाहेरून मिळाले. हे दोन्ही नसते तर हा माहितीपट झाला नसता.

क्लार्क दांपत्य आणि डेव्हिस यांच्या कामात एक मोठा फरक आहे. १९४० च्या दशकात मुले ही अभ्यासाचा विषय होती. त्यांच्या उत्तरांचे तक्ते झाले, तक्त्यांवरून वकिलांनी युक्तिवाद केला, न्यायाधीशांनी निकाल दिला. २००५ मध्ये प्रश्न विचारणारी स्वतः विद्यार्थिनी होती आणि तोच प्रश्न तिने आधी आपल्या मैत्रिणींना व स्वतःला विचारून घेतला होता. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'संशोधक' आणि 'उत्तरदाता' हे शब्द शिकवले जात, तेव्हा उत्तरदाता कधी प्रश्न विचारायला उठेल असे कुणी सुचवले नव्हते. विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा देण्याला मी वर्णद्वेषविरोधी शिक्षण म्हणते ते या कारणाने. शाळा चित्रपट 'दाखवते' तेव्हा मुले प्रेक्षक असतात. डोळे पाणावतात, तास संपतो.

हे काम शाळेच्या वेळात बसते का?

बसते. न्यूयॉर्कमध्येच १९८४ साली स्टीव्हन गुडमन यांनी एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर सुरू केले. सरकारी माध्यमिक शाळांतली मुले तिथल्या माहितीपट कार्यशाळेत येतात आणि त्याचे शालेय श्रेयांक त्यांना मिळतात. विषय मुलांच्या वस्तीतले असतात: घरभाडे, पोलीस, दवाखाना, शाळा. या केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी केलेला 'अनइक्वल एज्युकेशन' हा माहितीपट १९९२ मध्ये पत्रकार बिल मॉयर्स यांच्या कार्यक्रमातून सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. एकाच ब्राँक्स भागातल्या दोन शाळांमधली दरी त्यात समोर येते. ज्या शाळांत कमी मिळते त्या कोणाच्या मुलांच्या, हे पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या केंद्राच्या पद्धतीत मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी मांडणी. तयार चित्रपटाबरोबर मुले आपले कच्चे चित्रण, आधीचे फसलेले संकलन आणि मुलाखतीचे प्रश्न घेऊन शिक्षक, पालक व पाहुण्यांसमोर बसतात. हा प्रश्न असा का विचारला? हे वाक्य का कापले? त्यांना उत्तर द्यावे लागते. खरे शिक्षण इथे तपासले जाते, कारण पूर्वग्रह कापाकापीतच लपतो.

संकलनाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. समजा दहा मिनिटांच्या मुलाखतीतली ३० सेकंद ठेवायची आहेत. वस्तीतली बाई नऊ मिनिटे तिच्या कामाबद्दल आणि मुलीच्या बारावीबद्दल बोलली आणि एक मिनिट रडली. कुठली ३० सेकंद ठेवणार? बहुतेक गट रडण्याची ठेवतात. मोठे चित्रपटकर्मीही तेच करतात. त्या ठिकाणी थांबून 'तिला स्वतःला कोणती ठेवलेली आवडली असती?' एवढे विचारले की चर्चा तासभर चालते. आपल्याला ज्याचा राग येतो तेच आपण दुसऱ्याचे करत होतो, हे मुलांना त्या टेबलावर कळते.

दुसरी जागा प्रकाशाची. कॅमेरा निष्पक्ष असतो असे आपण समजतो. अमेरिकेत कित्येक दशके रंगीत फोटोंचा रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा नीट आला की रंग बरोबर! वर्गाच्या एकत्रित फोटोत गोऱ्या मुलांचे चेहरे स्पष्ट येत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे व दात दिसत. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. कोडॅकने गडद छटा नीट उमटाव्यात यासाठी फिल्म सुधारली त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असे त्यांच्या संशोधनात आढळते. काळ्या मुलांच्या आयांच्या तक्रारीपेक्षा चॉकलेटची तक्रार लवकर ऐकली गेली. ही एक गोष्ट सांगून वर्गात सावळ्या आणि गोऱ्या मुलाला एकाच चौकटीत उभे करून प्रकाश जुळवायला लावा. त्या तासाला वेगळे पुस्तक लागत नाही. आपल्याकडच्या मोबाइलमध्ये चेहरा आपोआप उजळ करणारे 'ब्यूटी' बटण असते, ते बंद कसे करायचे हे मी प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या दिवशी शिकवते. बंद केल्यावर मुली आधी नाराज होतात.

आक्षेप

डेव्हिसच्या माहितीपटावर टीकाही झाली आणि ती समजून घेतली पाहिजे. २१ मुले ही फार छोटी संख्या आहे, निवडही शास्त्रीय नाही. हे खरे आहे, पण तो माहितीपट आहे, तिने तो शोधनिबंध म्हणून मांडलेला नाही. अधिक गंभीर आक्षेप मूळ चाचणीवरच आहे. बाहुली निवडणे म्हणजे स्वतःचा द्वेष करणे, हा अर्थ लावता येतो का? मुलाला जाहिरातीत दिसणारी बाहुली ओळखीची वाटत असेल. शिवाय क्लार्क यांच्याच आकड्यांत उत्तरेतल्या मिश्र शाळांतल्या मुलांचा गोऱ्या बाहुलीकडचा कल दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा थोडा जास्तच निघाला होता. वेगळ्या शाळांमुळेच हे घडते, असा सरळ निष्कर्ष त्यातून निघत नाही. एकत्र बसवले की काम झाले असे समजणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ६० वर्षे या चाचणीचा रोख काळ्या मुलांच्या जखमेकडे होता. २०१० मध्ये सी.एन.एन. वाहिनीने मानसशास्त्रज्ञ मार्गारेट बील स्पेन्सर यांच्याकडून नवी पाहणी करून घेतली. त्यात १३३ मुले होती, काळी आणि गोरी दोन्ही. गोऱ्या रंगाला चांगले गुण चिकटवण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांमध्ये खूपच जास्त आढळले. काळ्या मुलांतही ते होते, पण बरेच कमी. म्हणजे उपचाराची गरज असलेला विद्यार्थी वर्गात दुसऱ्याच बाकावर बसला होता, आणि क्लार्क दांपत्याच्या चाचणीत बाहुल्या त्याच्यासमोर ठेवल्याच गेल्या नव्हत्या.

यातून शाळेतल्या चित्रपटांसाठी एक व्यवहारी सूचना निघते. अन्याय सोसणाऱ्या मुलालाच दर वेळी कॅमेऱ्यासमोर बसवून 'तुझा अनुभव सांग' म्हणू नये. प्रश्न सगळ्यांना विचारावा.

आपल्या शाळांत

वर्ण आणि जात एक नव्हेत. जात रंगावरून ओळखता येत नाही. ती आडनाव, वस्तीचे नाव, देवघरातला फोटो, घरातली भाषा यांवरून हुंगली जाते. त्यामुळे बाहुल्यांची चाचणी उचलून आपल्या अंगणवाडीत लावणे हा भाबडेपणा ठरेल. घेण्यासारखी आहे ती पद्धत. मुलाने स्वतःचा प्रश्न शोधायचा आणि तो दुसऱ्यांना विचारून पाहायचा.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांबरोबर पाच दिवसांची कार्यशाळा घेतली. सहा-सहा मुलांचे गट होते आणि गटाला एक मोबाइल. पहिल्या दिवशी विषय विचारले तेव्हा 'झाडे लावा', 'पाणी वाचवा', 'मोबाइलचे दुष्परिणाम' अशी यादी आली. स्पर्धांमुळे मुलांना हेच विषय 'चित्रपटाचे' वाटतात. तिसऱ्या दिवशी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, कुठं राहते विचारलं की मी बसस्टॉपचं नाव सांगते. वस्तीचं नाही सांगत." गटातल्या आणखी दोघी म्हणाल्या, आम्हीपण. त्यांचा चित्रपट तोच झाला. शाळेतल्या १२ मुलांना कॅमेऱ्यासमोर एकच प्रश्न: तू कुठे राहतोस? काही मुले ताडकन सोसायटीचे नाव सांगतात, काही जरा थांबतात. मुलींनी उत्तरे जवळजवळ कापून टाकली आणि थांबणे तेवढे ठेवले. एका मुलाने पाहिल्यावर 'माझे काढा' म्हटले. थोडी कुरकुर झाली, पण काढले.

तो चित्रपट स्नेहसंमेलनात दाखवायचे ठरले होते. आदल्या दिवशी 'यामुळे मुलांमध्ये उगाच भेद निर्माण होईल' असे सांगून तो यादीतून वगळला गेला. आम्ही तो आठवीच्या एका वर्गात, दार लावून, दाखवला. भेद आधीपासून होता म्हणूनच त्या मुली बसस्टॉपचे नाव सांगत होत्या, हे मी तेव्हा ठामपणे बोलायला हवे होते. बोलले नाही. पुढच्या वर्षी त्या शाळेत परत जायचे होते.

विद्यार्थी असताना केलेला चित्रपट किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरला संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेत असताना केला. शाळेत जायची ओढ असलेल्या आणि शाळेबाहेर ठेवल्या गेलेल्या मुलाची ती गोष्ट आहे आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोव्यातून काम चालवणारी 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' ही संस्था देशभरातल्या वस्त्यांतल्या लोकांना व्हिडिओ करायला शिकवते. अस्पृश्यतेविरुद्ध संविधानाच्या कलम १७ च्या नावाने तिने मोहीमही चालवली. ही कामे प्रौढांची आहेत, पण शाळेत सुरुवात करू पाहणाऱ्या शिक्षकाला त्यांच्याकडून शिकता येईल.

खर्च फार नाही. एक साधा स्मार्टफोन आणि तारेचा कॉलर माइक पुरतो. माइक घ्याच, कारण चित्र हलले तरी चालते, पण आवाज आला नाही तर माणूसच गेला. संकलन मोबाइलवरच्या मोफत ॲपमध्ये होते. कमी पडतो तो वेळ. पाच दिवसांत प्रश्न सापडेपर्यंत तीन जातात, म्हणून शक्य असेल तर आठवड्याला दोन तास असे सगळे सत्र मागून घ्यावे आणि भाषेच्या किंवा समाजशास्त्राच्या प्रकल्पात ते धरले जाईल का, हे शिक्षकांशी बोलून ठरवावे. ज्याचा चेहरा दिसणार आहे त्याच्या पालकांची लेखी संमती चित्रीकरणाआधी घ्यावी. तयार चित्रपट पाहून नाव मागे घेण्याची मुभा मुलाला शेवटच्या दिवसापर्यंत असावी. चित्रपट इंटरनेटवर टाकायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी संमतीही वेगळी घ्यावी. वर्गाला दिलेला होकार जगाला दिलेला नसतो. आणि तयार झालेला चित्रपट कुठे, कोणासमोर दाखवायचा याचे पत्र मुख्याध्यापकांकडून जूनमध्येच घेऊन ठेवावे. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मागायला गेलात तर आमच्यासारखे होईल.